कात, काजळ, चुडा

माझ्या नवऱ्याचा आवाज अख्ख्या रोहणा गावात मोठा होता. बढाई नाही मारत. शेजारचा डोमाजी अजून जिवंत आहे, त्याला विचारा. नाल्यापलीकडच्या वावरातून यांनी "अवंऽऽ" म्हटलं की इकडे मी चुलीपुढे दचकायचे आणि डोमाजीची म्हैस दावं ओढायची. लोक म्हणायचे, आनंदाबाईला बोलवायला दवंडी लागत नाही. उभ्या संसारात त्यांनी मला नावानं हाक मारली नाही आणि मीही त्यांचं नाव घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. "अवं" हेच माझं नाव होतं, आणि त्या नावानं बोलवायचा हक्क एकाच माणसाचा होता.

आणीबाणी उठली त्या साली, कापसाच्या पहिल्या वेच्याच्या दिवसांत, त्यांना वावरातच लकवा मारला. बंडीत घालून घरी आणलं, मग आर्वी, मग वर्ध्याचा मोठा दवाखाना. जीव वाचला. उजवं अंग गेलं आणि अंगासोबत वाचा गेली. डावा हात राहिला, पण तोही नावापुरता. बोटं तेवढी हलायची. डोकं मात्र शाबूत होतं. कोण आलं, कोण गेलं, कोणी कोणता बैल विकला, सगळं समजायचं. समजायचं तेच वाईट होतं.

त्यांची बाज पुढच्या खोलीत, खिडकीखाली. माझा कारभार मागे, चूल, गोठा, विहीर. मधे लांब बोळ. मी काही बाजेशी हात धरून बसणारी बाई नव्हे. बसले असते तर गाई कोणी सोडल्या असत्या आणि मजुरांच्या डोक्यावर कोण उभं राहिलं असतं? म्हणून त्यांच्याजवळ पितळी ताट आणि चमचा ठेवला. चमचा बोटांतून गळायचा. गाईच्या गळ्यातली घंटी दोरीनं बाजेला बांधली. दोरी ओढवायची नाही.

एका दुपारी मी मागे तुरी पाखडत होते. पुढे आले तर हे अर्धे बाजेखाली. डोकं जमिनीला, पाय वर दोरीत अडकलेले, धोतर ओलं. किती वेळ तसे होते देव जाणे. मी उचललं, पुसलं, कोरडं नेसवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड उघडत होतं, मिटत होतं. ज्या माणसाची हाक नाल्यापलीकडून यायची, त्याची हाक त्याच्याच घरात बोळाच्या या टोकाहून त्या टोकाला पोचली नव्हती.  

संध्याकाळी गुलाब आला, माझा एकुलता एक मुलगा. आर्वीला सोसायटीत कारकून होता, एस.टी.नं जाऊन येऊन करायचा. पण त्याचा जीव नोकरीत नव्हता. त्याचा जीव कोपऱ्यातल्या टेबलावर होता. पोस्टानं पुस्तकं मागवून तो रेडिओचं काम शिकला होता. दुसऱ्यांचे बिघडलेले रेडिओ उघडायचा, आणि आपल्या मनानं तारा जोडून नवीन काहीबाही करायचा. पगार झाला की नागपूरला जाऊन पुडीभर सामान घेऊन यायचा. मी त्या टेबलाला कचरापेटीच म्हणायचे.

"तुह्या त्या कचऱ्याचा काही उपयोग असन तर आता दाखव," मी म्हटलं. "नाई तर उद्या सारं उकिरड्यावर जाईन."

त्यानं काय झालं ते ऐकलं. बाजेशी जाऊन उभा राहिला. बापाची बोटं हातात घेऊन उघडून-मिटून पाहिली, जसा एखादा बिघडलेला रेडिओ पाहतो तशी.

"बटन दाबाची ताकद नाई बाबाच्या बोटात," तो म्हणाला. "पण बोट ठेवता येते. नुसतं ठेवलं की वाजन, अशी बेल करतो."

"नुसतं ठेवलं की वाजन? मंतर टाकशीन का तिच्यात?"

"मंतर नाई, माय. माणसाच्या अंगातून थोडीशी वीज जाते. मुंगीएवढी. ट्रान्झिस्टर त्या मुंगीचा हत्ती करते, अन् हत्ती बेल वाजवते."

"यांच्यात आता मुंगीएवढं तरी राह्यलं का?"

"राह्यलं ना," गुलाब म्हणाला, आणि टेबलाकडे गेला.

पण त्याच्यात एक खोट होती. पोराचे डोळे धड, नजर घारीची, पण रंगांच्या बाबतीत देवानं हात आखडता घेतला होता. लहानपणी टोपलीत हिरव्या आणि वाळल्या मिरच्या एकत्र करायचा, मी पाठीत धपाटा घालायचे. मला वाटायचं कामचुकार आहे. पुढे सरकारी नोकरीच्या तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं तेव्हा समजलं. लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी, सगळे त्याला एकाच आईची लेकरं दिसायची. ती नोकरी गेली. आणि बघा नशीब, छंद लागला तोही असा की ज्यात आकडे रंगांनी लिहितात! त्याच्या सामानात ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठे, दोन्हीकडे तार असलेले तुकडे असायचे. त्यांच्या पोटावर रंगाचे पट्टे. पट्ट्यांवरून समजायचं, कोणता तुकडा विजेला किती अडवतो. आजवर ते पट्टे सून वाचून द्यायची. नलू तिचं नाव, नाचणगावची. पण नलू तेव्हा बाळंतपणाला माहेरी होती.

"माय, या रजिस्टरावर कोणते रंग आहेत, सांग बरं."

"रजिस्टर शाळेत राह्यते. हे उंदराची लेंडी आहे."

"सांग ना वं."

मी खिडकीशी नेऊन पाहिलं. "तांबडा, काळा, तांबडा."

त्यानं कथलाचा डाग दिला, सेल जोडले, आणि त्या छोट्याशा यंत्रातून उदबत्तीसारखा धूर निघाला. वास मात्र उदबत्तीचा नव्हता. गुलाब डोकं धरून बसला. नागपूरहून आणलेला ट्रान्झिस्टर गेला.

"माय, तांबडा म्हंजे लाल ना?"

"तांबडा म्हंजे तांबडा. आपली तांबडी गाय नाई का?"

"म्हंजे कातासारखा? मंग कुंकू कोणत्या रंगाचं?"

"तांबडं."

"अन् गाय?"

"तांबडी! कितीक डाव सांगू?"

तो हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले. "गाय अन् कुंकू एकाच दावणीले बांधलं तू, माय. त्या दोघांत दसपटीचा फरक आहे. शेवटचा पट्टा कुंकवाचा पाह्यजे होता, तू गाईचा दिला."

"मंग तसं इचाराचं. रंग काऊन इचारतं? वस्तू इचार."

बाजेवरून घशातला एक आवाज आला. आम्ही दोघांनी वळून पाहिलं. हे अर्ध्या तोंडानं हसत होते. लकव्यानंतर पहिल्यांदा.

मग त्या दिवशी आम्ही मायलेकांनी वस्तू ठरवल्या. पुस्तकातल्या क्रमानं तो आकडा सांगायचा, मी रंग पाहून वस्तू द्यायची. काजळ, कात, कुंकू, शेंदूर, हळद, चुडा, नीळ, जांभूळ, राख, कापूस. शून्यापासून नऊपर्यंत. मला शाळेत चार बुकं धड झाली नाहीत, पण हे एकदा म्हटलं आणि पाठ झालं. बाईच्या जन्माचाच तो क्रम आहे, शेवटी राख आणि पांढरा. हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण आजारी माणसापुढे असं बोलत नाहीत.

बेल झाली. बाजेच्या डाव्या लाकडावर दोन पितळी पट्ट्या, शेजारी शेजारी, मधे बारीक फट. तिथून तार भिंतीनं बोळातून मागे, आणि चुलीच्या वर खुंटीशेजारी बेल. वीज आमच्या गावात पाहुण्यासारखी यायची, म्हणून सगळं बॅटरीच्या सेलांवर.

गुलाबनं बोट ठेवलं, वाजली. मी ठेवलं, वाजली. डोमाजी पाहायला आला होता, त्यानं ठेवलं, वाजली. त्याला राहवतंय थोडंच!

"वासुदेवराव, बायकोले बोलवाले आता करंट लागते का तुमाले? पह्यले तर आमच्या म्हशीले आटवत होते तुमी नुसत्या हाकेनं!"

"तुमच्या म्हशीले कडबा टाकत जा, डोमाजी, मंग आटनार नाई," मी म्हटलं.

मग गुलाबनं बापाचं बोट उचलून पट्ट्यांवर ठेवलं.

काही नाही.

पुन्हा ठेवलं. दाबून धरलं. बेल मुकी. डोमाजीनं मधे हात घातला, वाजली. यांचा हात, काही नाही. गुलाबनं सेल बदलले. तारा हलवून पाहिल्या. दुसरा ट्रान्झिस्टर घातला. आम्ही हात लावला की वाजायची, पोस्टमन आला त्यानं लावला तरी वाजली. एक याच माणसाच्या हातानं वाजायची नाही. डोमाजी बिचारा थट्टा विसरून गेला, चप्पल घालून हळूच निघून गेला.

यांनी तोंड भिंतीकडे केलं. मला समजलं काय ते. यंत्रानंही सांगून टाकलं होतं, की हा माणूस मेला आहे.

दोन-चार दिवस गुलाब टेबलावर वाकून होता. जेवायला उठवावं लागायचं. पुस्तकं काढायचा, नकाशे काढायचा, खोडायचा. "सारं बरोबर आहे, माय," म्हणायचा. "सारं बरोबर असून वाजून नाई राह्यली, म्हंजे काय समजाव?"  मी त्याच्यापुढे भाकरी सरकवायचे.

मग एका सकाळी मी यांना आंबील भरवली. हात, तोंड ओल्या फडक्यानं पुसलं. हात तसाच बाजेच्या लाकडावर टेकला आणि मागे चुलीवर बेल खणखणली. मी इकडे, गुलाब तिकडे टेबलाशी, मग वाजवली कोणी? आम्ही पाहिलं तर यांचं बोट पट्ट्यांवर.

हे स्वतःच दचकले होते. बोट उचललं, बेल थांबली. ठेवलं, वाजली. उचललं. ठेवलं. लहान पोर खुळखुळ्याशी करतं तसं करत राहिले. वाळलं तशी बेल पुन्हा मुकी झाली.

गुलाबनं बापाचा हात उलटा केला. तळहात, बोटं, सगळा वखराच्या रुमण्यानं आणि कासऱ्यानं घट्टे पडून पडून जोड्याच्या चामड्यासारखा झालेला. लकव्यानंतर घाम येणंही बंद झालं होतं.

"बाबाचा हात कोरडा आहे, माय. इतका कोरडा, की मुंगीबी पार होऊन नाई राह्यली."

"जलमभर राबले, म्हणून कोरडा आहे. तुह्यासारखा कारकुनाचा नाई."

"हो ना," तो म्हणाला. त्याला राग आला नाही. त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता.

त्यानं एका ट्रान्झिस्टरच्या मागे दुसरा जोडला. म्हणाला, पहिला मुंगीचं कुत्रं करील आणि दुसरा कुत्र्याचा हत्ती. पट्ट्याही रुंद घेतल्या. मी पट्टे वाचले, त्यानं डाग दिले, राळेचा वास घरभर झाला. मग यांचं कोरडंच बोट ठेवलं, आणि बेल वाजली.

मी चुलीपुढे होते. मला वाटलं होतं मी आनंदानं धावत जाईन. पण तशीच बसून राहिले. ती वाजत राहिली. मग मी ओरडले, "आली, आली! जीव नका खाऊ!" पूर्वी नाल्यापलीकडून हाक यायची तेव्हा जे ओरडायचे, तेच.

त्यानंतर घरात पुन्हा भांडणं सुरू झाली, म्हणजे घर सुरू झालं. पाणी पाहिजे, वाजव. माशी बसली, वाजव. डोमाजी येऊन दाराशी उभा राहिला, वाजव. कधी काही नको असायचं. मी येऊन विचारायचे, "काय होय?" तर अर्धं तोंड हसायचं. मी कंबरेवर हात ठेवून बोलायचे, "मले दुसरं काम नाई वाटते." मी बोळातून परत चुलीशी पोचते न पोचते तोच पुन्हा वाजायची. नलू नाचणगावहून बाळ घेऊन आली, तर तिला आधी वाटलं घरात टेलिफोन आला.

मग पावसाळा आला आणि श्रावणात झड लागली. दिवसचे दिवस चिपचिप. भिंती घामेजल्या, मिठाला पाणी सुटलं, आणि बेल आपली आपण वाजायला लागली. मी धावत जायचे तर हे झोपलेले, हात छातीवर. वळले की पुन्हा. दमट हवेनं पट्ट्यांवर ओल धरायची, आणि त्या ओलीलाच यंत्र माणूस समजायचं.

"आता याचे कान लय तिखट झाले," गुलाब म्हणाला. "एक रजिस्टर आडवं टाकलं की थोडी वीज त्याच्यातून निघून जाईन, अन् ओलीनं वाजनार नाई. कात-काजळ-हळद काढून दे."

मी काढून दिलं. त्यानं ते लावलं, बेल गप्प झाली. यांचं बोट ठेवलं, तरी गप्प.

"आता हे बहिरं झालं. मंग कात-काजळ-चुडा पाहू."

चुडा लावला. यांचं बोट ठेवलं, वाजली. मला बरं वाटलं. पण झड वाढली तशी ती पुन्हा आपली आपण वाजायला लागली. चुडा लावला काय, न लावला काय, सारखंच. हळदीनं ओलही ऐकू येत नव्हती आणि माणूसही. चुड्यानं दोन्ही ऐकू यायचं.

"मधलं काही नाई का?" मी विचारलं.

"मधलं टाकलं अन् एखाद दिवशी बाबाचं बोट जास्त कोरडं असलं, तर?"

"मंग काढून टाक सारं," मी म्हटलं. "वाजू दे तिले. उगाच वाजली तर मी उगाच उठीन. पण यांनी बोलावलं अन् ते बहिरी राह्यली, थे चालाचं नाई."

तसंच ठेवलं. दर झडीत मी बोळातून खेटे घालायचे. माझे गुडघे तेव्हापासूनच गेले. नलू म्हणायची, "आत्याबाई, मी पाह्यतो, तुमी बसा." मी म्हणायचे, "तुले नाई बोलावून राह्यले थे."

असे काही पावसाळे गेले. बाळाचं पोर झालं, धावायला लागलं. यांचं शरीर उतरत गेलं. एका हिवाळ्यात अन्न सुटलं, नुसतं पाणी. मी मागचा कारभार नलूच्या हाती दिला आणि बाजेशी बसले. जी मी कधी बसले नव्हते ती. दुपारची वेळ होती. खिडकीतून वावराकडचा वारा येत होता. त्यांचा डावा हात मी माझ्या हातात धरला होता. ते माझ्याकडे पाहत होते, ओठ हलले. आवाज नव्हता, पण कोणतं अक्षर होतं ते मला माहीत आहे. मग पाहणं राहिलं नाही.

नलू मागे भाकरी थापत होती, तिला काही समजलं नाही. पुढे आली तेव्हा म्हणाली, "बेल तर वाजली नाई, आत्याबाई." वाजणार कशी? हात माझ्या हातात होता.

बाया जमल्या. डोमाजीच्या बायकोनं माझे हात धरले तेव्हा मी सोडवून घेतले. "माह्या हातातल्या मीच उतरवीन," म्हटलं, आणि उतरवल्या. फोडू दिल्या नाहीत.

तेरवी झाली, पाहुणे पांगले. बाज उचलून गोठ्याच्या माडीवर टाकायची गोष्ट निघाली. मी म्हटलं, "बाज राहू द्या. उद्या मी पडली तर मले लागन." गुलाब म्हणाला, तसं तर तसं. बेलही राहिली. कोणाला काढवली नाही.

पुढचा पावसाळा आला. पहिल्या झडीलाच ती वाजली.

चुलीपुढे मी होते, नलू होती, पोर होतं. सगळे जिथल्या तिथे थांबले. पोरगं म्हणालं, "आजोबा!" नलूनं त्याला जवळ ओढलं. ती दिवसभर थांबून थांबून वाजत राहिली. संध्याकाळपर्यंत नलूचा चेहरा पांढरा पडला. तिची काही चूक नाही. तरण्या पोरीनं रिकाम्या बाजेवरून येणारी हाक किती ऐकावी?

रविवारी गुलाब पेचकस घेऊन बाजेशी बसला.

"माय, नलू भेते. पोट्टंबी भेते. बेल काढतो मी."

"काढाची नाई. सांगतलं ना, मले लागन."

"मंग तिची खोड तरी काढू दे. तुह्या हाताले काही घट्टे नाई, तुह्या बोटानं कशीबी वाजन. ओलीनं वाजाची नाई, एवढं करतो."

त्याचं बोलणं सरळ होतं. मी रजिस्टरांची पत्र्याची डबी घेऊन खिडकीशी बसले. त्यानं सवयीनं म्हटलं, "कात, काजळ..." आणि अडला. माझ्या कपाळाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. आमच्या सगळ्या वस्तू एकदम त्याच्या तोंडात आल्या असाव्यात. हळद, कुंकू, चुडा. पुढचा शब्द त्याच्या जिभेवरून उतरेना.

"बोल ना," मी म्हटलं. "रजिस्टरावरची हळद कोणी पुसत नाई."

"हळद," तो खाली पाहून म्हणाला. "कात, काजळ, हळद."

मी डबी चाळली. दोन तुकडे बोटांत आले. एकाच्या पोटावर शेवटी हळद होती, एकाच्या चुडा. दोन्ही उजेडाकडे धरले. माझी नजर अजून चांगली आहे.

"घे."

"थेच ना?"

"मी कधी चुकीचं देल्लं का? एकदा गाय देल्ली, थे सोडून."

तो हसला नाही. आता त्याच्याकडे काट्याचं मीटर होतं, नागपूरहून आणलेलं. कोणता तुकडा विजेला किती अडवतो ते काटाच सांगायचा, माझ्या डोळ्यांची गरज उरली नव्हती. तरी तो पट्टे मलाच विचारायचा. त्या दिवशी मात्र त्यानं मीटर उचललं आणि तुकड्याच्या दोन्ही तारांना टोकं लावली. मी खिडकीबाहेर पाहिलं. डोमाजीची म्हैस पावसात उभी होती. गुलाबनं टोकं काढून पुन्हा लावल्याचा आवाज आला.

"बरोबर आहे का?" मी शेवटी विचारलं.

त्यानं मीटर बंद केलं. "बरोबर आहे, माय."

राळेचा वास आला. त्यानं डाग दिला, झाकण बसवलं, पेच आवळले. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि लगेच काढून घेतला, कारण माझ्या घरात असले लाड चालत नाहीत.

आठवडाभर उघाड होती. पुढच्या रविवारी पुन्हा झड लागली. दुपारी जेवणं झाली होती, नलू भांडी घासत होती, आणि चुलीवरची बेल खणखणली.

नलूनं गुलाबकडे पाहिलं. "तुमी तर दुरुस्त केलती ना?"

"माह्यंच काही चुकलं असन," गुलाब म्हणाला. "राहू दे. हे काही भूत नाई, नलू, ओल आहे. पोराले बी मी समजावून सांगतो."

मी गुडघ्यांवर हात देऊन उठले. बोळ मला हल्ली लांब वाटतो. बेल वाजतच होती, कशाची घाई होती देव जाणे.

"आली," मी म्हटलं. "आली, आली. जीव नका खाऊ."

बाजेशी गेले. पट्ट्यांवर ओलीचे बारीक थेंब धरले होते. मी लगेच पुसले नाहीत. जरा टेकले, खिडकीतून वावराकडे पाहिलं. मग पदराचं टोक घेऊन दोन्ही पट्ट्या पुसल्या, जसा जेवण झाल्यावर त्यांचा हात पुसायचे तशा, बोट बोट करून. बेल थांबली.